उभं पान

डिसेंबरात फोन आला कलबतोनी लामझिरांचा.
"अक्षरांना कडा फुटल्यात, बेसो,
डावीकडून लालसर, उजवीकडून निळ्या.
डोळ्यांचा डॉक्टर म्हणतो, डोळ्यांत काही नाही.
तेव्हा आता तू ये."

कुताइसीत लिफ्टला नाणं लागतं.
खिशात नव्हतं.
पाच मजले चढलो तेव्हा
माझ्याच डोळ्यांपुढे ठिपके नाचत होते.

मॉनिटर आडवा नव्हताच.
उभा केला होता त्यांनी,
खाली टेकू म्हणून शब्दकोशाचा चौथा खंड.
"पान उभं असतं," म्हणाल्या,
जणू मीच कुठला तरी आडवेपणा केलाय.
चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेली बाई.
वीज जायची त्या हिवाळ्यांत
रॉकेलच्या दिव्यावर,
आणि तेल उरलंच तर डोळ्यांत घालून.

मी समजावू लागलो:
प्रत्येक ठिपक्याच्या पोटात तीन काड्या असतात,
लाल, हिरवी, निळी, शेजारीशेजारी उभ्या.
अक्षराची कड गुळगुळीत दिसावी
म्हणून यंत्र त्या काड्या उसन्या घेतं.
तुम्ही पडदा वळवलात, काड्या आडव्या झाल्या,
यंत्राला कुणी कळवलंच नाही.
ते बिचारं अजून जुन्या पत्त्यावर रंग पोचवतंय.

"नोदारच्या नावाचं विजेचं बिल
अजून येतं," त्या म्हणाल्या,
आणि कॉफी ठेवायला उठल्या.

रंग काढून टाकले.
नुसत्या करड्या छटा ठेवल्या.
मग हिंटिंग पूर्ण लावून पाहिलं.
सगळी अक्षरं जाळीला धरून कवायतीला उभी,
पोटं आत, पाठी ताठ.
आमच्या लिपीला काटकोन ठाऊक नाही.
त्यांनी चष्म्यावरून एकदाच पाहिलं:
"ही पासपोर्टावरची आहेत. काढ."
अजिबात काढलं,
तर खिळ्यांना शाई जास्त झाल्यासारखी
ओळ सुजली.
"ही ओली आहेत. हात लावशील तर बोटाला लागतील."

शेवटी सहा चौकटी उघडल्या,
सहांत तोच मजकूर, सहा तऱ्हांचा.
"यातलं कुठलं बरं दिसतं?"

त्या वाकल्या.
एक मिनिट. दोन.
कॉफीवरची साय सुरकुतली.
"तिसऱ्या ओळीत चूक आहे."
कुठल्या चौकटीत?
"सहाही."

खरंच होती.
आमचा क म्हणजे शेंडी फुटलेला व,
आणि कुणीतरी, कुठल्या देशात बसून कोण जाणे,
शेंडी विसरला होता.
मी हे वाक्य शंभर घरांत उघडलंय.
शंभर घरांत लोकांनी बोट ठेवलंय: हे. नाही, ते.

"वाचू नका," मी म्हणालो, "नुसतं बघा."
हे म्हणताना मला लाज वाटायला हवी होती,
वाटली ती नंतर.
"न वाचता बघू?" त्या हसल्या.
"ते मला शिकवलं नाही कुणी."

मग चौथ्या चौकटीवर पेन्सिलीचं बूड टेकवलं.
हलकं हिंटिंग, करडी कड,
काळा रंग जरा घट्ट.
का, विचारलं.
"इथे चूक आधी दिसते."

पांढराही कमी करायला लावला.
एवढा पांढरा कागद, म्हणाल्या,
फक्त मंत्रालयात असायचा,
आणि त्यावर वाचण्यासारखं काही नसायचं.
मी पिवळसर करत गेलो, त्या "अजून" म्हणत गेल्या,
खिडकीबाहेर रिओनी गढूळ वाहत होती,
तिच्याजवळ कुठेतरी येऊन थांबलो.

निघताना पावती लिहून दिली:
तारीख, रक्कम, कामाचं स्वरूप.
त्यांनी ती दिव्याखाली धरली,
चष्मा वर सरकवला,
आणि लाल पेन्सिल शोधू लागल्या.